माशाच्या अंगावरील रेषा : पार्श्वरेषेच्या खवल्यांची रचना, घडण आणि एका चुकीच्या नावाचा इतिहास

बाजारातून आणलेला रोहू किंवा कटला कापण्यापूर्वी एका कुशीवर ठेवून उजेडात पाहिला, तर कल्ल्याच्या झाकणामागून निघून थेट शेपटीच्या मुळापर्यंत गेलेली ठिपक्यांची एक बारीक रेषा दिसते. माशाच्या दोन्ही अंगांना ती असते. ती रंगाची रेषा नव्हे, किंवा दोन खवल्यांमधील सांधाही नव्हे. त्या ओळीतील प्रत्येक खवल्यावर एक चिमुकली नळी असते. अशा तीस-चाळीस नळ्या एकापुढे एक आल्यामुळे आपल्या डोळ्यांना सलग रेषा भासते. शास्त्रात तिला पार्श्वरेषा म्हणतात आणि तिच्यावरील खवल्यांना पार्श्वरेषेचे खवले. आपल्या घरांत मासे पिढ्यान्‌पिढ्या शिजत आले. परंतु विळीवर साफ होताना पाण्याबरोबर वाहून जाणाऱ्या या खवल्याकडे थांबून पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

इतिहासाच्या शिक्षकाने विद्यालयाच्या स्मरणिकेत माशाच्या खवल्यावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या खवल्याची कथा शरीरशास्त्राची आहे तितकीच पुराव्याची आहे. सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेली एक वस्तू जवळजवळ दोनशे वर्षे चुकीच्या नावाने ओळखली गेली आणि त्या नावामुळेच तिचे खरे कार्य झाकले गेले. ज्या समाजाने चिकटवलेल्या नावांचा भार शतकानुशतके वाहिला, त्या समाजातील मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या विद्यालयात ही कथा सांगण्यासारखी आहे. तथापि प्रथम वस्तू समजून घेऊ. इतिहासाकडे नंतर वळू.

साधा खवला

रोहू, कटला, मृगळ, मरळ, चिलापी हे सारे अस्थिमत्स्य होत. म्हणजे त्यांचा सांगाडा हाडाचा असतो. मुशीसारखा कूर्चेचा नसतो. त्यांचे खवले कातडीच्या वर चिकटवलेले नसून कातडीच्या आतील थरात रुजलेले असतात. कौलारू घराच्या छपराची आठवण ठेवली, तर त्यांची मांडणी चटकन ध्यानात येते. प्रत्येक खवल्याचा पुढचा भाग कातडीच्या खिशात दडलेला असतो, मागचा भाग उघडा असतो आणि तो आपल्यामागील खवल्याच्या दडलेल्या भागावर पसरतो. कौलांचा उतार जसा पाण्याच्या वाटेने, तशी खवल्यांची रचना डोक्याकडून शेपटीकडे वाहणाऱ्या प्रवाहाच्या वाटेने.

एक खवला भिंगाखाली धरला की त्यावर असंख्य बारीक वर्तुळाकार कडा दिसतात. खवला कडेने वाढतो आणि वाढताना या कडा मागे ठेवीत जातो. मासा भरभर वाढत असेल तेव्हा त्या विरळ पडतात. अन्नाची चणचण, थंडी किंवा प्रजननाचा ताण असेल तेव्हा दाट होतात. म्हणूनच खोडाच्या वलयांवरून झाडाचे वय सांगावे, तसे अनेक जातींत खवल्यावरून माशाचे वय काढता येते. खवल्याचा वरचा थर हाडासारखा खनिजयुक्त असतो. खालचा थर कोलॅजनच्या तंतूंचा असून त्यातील एकेका पदरातील तंतूंची दिशा शेजारच्या पदरापेक्षा निराळी असते. प्लायवूडमध्ये लाकडाचे पापुद्रे दिशा बदलून चिकटवितात आणि त्यामुळे पातळ फळीही सहज चिरत नाही, त्यातलाच हा प्रकार. खवला वाकतो, सहसा तुटत नाही.

आणखी एक गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष वाटावी अशी आहे. खवला गळून पडला तर त्याच जागी नवा येतो आणि लवकरच जुन्याइतका मोठाही होतो. मात्र त्याच्या मध्यभागी वर्तुळे नसतात. तेथे धूसर, कोरा भाग राहतो. जुना खवला गळेपर्यंतच्या काळाची नोंद त्या ठिकाणी पुन्हा लिहिली जात नाही. दप्तर जळाले की इमारत नवी बांधता येते, कागद परत येत नाहीत.

रेषेवरचा खवला

पार्श्वरेषेचा खवला मुळात असाच असतो. परंतु त्याच्या बाहेरच्या पृष्ठावर, मध्यातून, पुढून मागे जाणारी हाडाची एक नळी असते. तिचे पुढचे तोंड आधीच्या खवल्याच्या आच्छादनाखाली येते आणि मागचे तोंड उघड्या भागाकडे असते. एका खवल्याची नळी पुढच्या खवल्याच्या नळीशी कातडीच्या मऊ भागातून जोडलेली असते. अशा रीतीने सुटे तुकडे मिळून एक अखंड नलिका तयार होते आणि ठरावीक अंतरांवर ती छिद्रांनी बाहेरच्या पाण्याशी जोडलेली राहते. दुरून दिसणारे ठिपके म्हणजे या नळ्या आणि त्यांची ही छिद्रे होत. नळीच्या तळाला आणखी एक अतिसूक्ष्म भोक असते. ते मात्र बाहेर उघडत नाही. त्यातून माशाच्या शरीरातील चेतातंतू नळीत शिरतो.

नळीत चेतातंतू येतो, यातच तिच्या कार्याची खूण आहे. केवळ द्रव वाहून नेणाऱ्या पन्हळीला संदेशवाहक तारेची काय गरज? नळीच्या आत, सामान्यतः प्रत्येक खवल्यामागे एक, असा पेशींचा लहानसा उंचवटा असतो. शास्त्रज्ञ त्याला न्यूरोमास्ट म्हणतात. आपण त्याला संवेदनबिंदू म्हणू. त्यात केशपेशी असतात. प्रत्येक केशपेशीच्या माथ्यावर सूक्ष्म केसांचा झुपका असतो. हे केस जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे लहान-मोठे रचलेले असून त्यांच्या एका कडेला सर्वांत लांब केस उभा असतो. या सर्व झुपक्यांवर पारदर्शक, लिबलिबीत पदार्थाची एक घुमटी बसलेली असते.

पाणी हलले की लगतच्या दोन छिद्रांपाशी त्याचा दाब किंचित वेगळा होतो. त्या फरकामुळे नळीतील द्रव सरकतो, घुमटी झुकते आणि तिच्याबरोबर केसांचे झुपके वाकतात. लांब केसाच्या दिशेने वाकले तर पेशीकडून मेंदूला जाणारे संदेश वाढतात; उलट दिशेने वाकले तर ते कमी होतात. एकाच संवेदनबिंदूत काही पेशींचे तोंड एका दिशेला, तर काहींचे विरुद्ध दिशेला असते. त्यामुळे पाणी हलले एवढेच नव्हे, तर ते कोणीकडून हलले हेही माशाला कळते.

सगळेच संवेदनबिंदू नळीत नसतात. पुष्कळसे कातडीवर उघडे असतात आणि त्यांना वाहत्या पाण्याचा वेग जाणवतो. नळीतील बिंदूंना सावकाश, एकसारखा वाहणारा प्रवाह फारसा जाणवत नाही. त्यांना जाणवतो तो प्रवाहातील बदल. शेजारून गेलेला दुसरा मासा, पाण्यावर पडून तडफडणारा किडा, पुढे आलेला खडक यांमुळे पाण्यात जी खळबळ होते, ती नळीतील बिंदू टिपतात. नदीच्या एकसुरी खळखळाटातून नेमकी कामाची हालचाल वेगळी काढण्याचे काम हाडाची ही नळी करते. या इंद्रियाचा पल्ला फार मोठा नाही. साधारणतः माशाच्या स्वतःच्या एक-दोन लांबींइतका. परंतु गढूळ पाण्यात आणि काळोखात, जेथे डोळा निरुपयोगी ठरतो, तेथे तेवढा पल्ला जगण्यास पुरतो.

आधी संवेदना, मग निवारा

हा खवला घडतो कसा? या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने अभ्यास ज्या माशावर झाला, तो आपल्याच उपखंडातील आहे. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे असलेला झेब्रामासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रेसिंगर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला प्रयोगशाळेत प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याची पिल्ले पारदर्शक असतात. शरीर घडताना सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणीच पाहता येते.

अंडे फलित झाल्यावर सुमारे वीस तासांनी, जेथे पुढे कान होणार त्या जागेच्या मागून सुमारे शंभर पेशींचा एक पुंजका निघतो आणि कातडीखालून शेपटीच्या दिशेने सरकू लागतो. वाटेत तो ठरावीक अंतरावर पेशींचा एकेक लहान गट मागे ठेवीत जातो. शेतात बियांची टोकणी करणारा माणूस जसा पावलांच्या मापाने बी टाकीत पुढे जातो, तसेच हे दृश्य असते. दुसरा दिवस सरता सरता पुंजका शेपटीपर्यंत पोहोचलेला असतो आणि त्याने ठेवलेला प्रत्येक गट एक संवेदनबिंदू होऊ लागतो. या प्रवासात त्याच्या सोबतीने चेतातंतूही वाढत जातात. बिंदू तयार झाल्यावर तार शोधावी लागत नाही. तार वाटेवर बरोबरच असते.

या वेळी खवल्यांचा कोठेही पत्ता नसतो. झेब्रामाशाचे खवले सुमारे एक महिन्याने, तेही आधी शेपटीच्या मुळापाशी, दिसू लागतात. झेब्रामाशाच्या धडावर मात्र पूर्ण नलिका होत नाही. तेथील बिंदू कातडीवर उघडेच राहतात. ज्या माशांत पूर्ण रेषा असते, त्यांच्यात पुढची पायरी दिसते. संवेदनबिंदू प्रथम कातडीच्या पृष्ठावर असतो. मग तो हळूहळू एका उथळ खळग्यात उतरतो. त्याच्या दोन्ही बाजूंना खवल्यावर हाडाच्या दोन भिंती उभ्या राहू लागतात. भिंती उंच होतात, एकमेकींकडे झुकतात आणि अखेर बिंदूच्या माथ्यावर मिळून छत तयार होते. पाट बांधून त्यावर कमान घालावी, तसे हे बांधकाम. चेतातंतू आधीपासूनच तेथे असतो. हाड त्याच्याभोवती तयार होते. म्हणून तळाला तेवढेच भोक राहते.

पुढे मासा वाढतो तसा खवलाही कडेने वाढतो आणि नळी लांब होते. परंतु खवल्यांची संख्या मात्र वाढत नाही. बोटभर पिल्लाच्या रेषेवर सारे खवले एकदा आले, की हातभर लांब झाल्यावरही त्या रेषेवर तेवढेच खवले राहतात.

या क्रमात मला फार अर्थ दिसतो. आधी संवेदना येते, मग तिच्याभोवती निवारा उभा राहतो. नळी आधी आणि तिच्यात राहायला बिंदू नंतर, असे होत नाही. तथागतांनी सांगितलेला प्रतीत्यसमुत्पादाचा विचार, म्हणजे कोणतीही गोष्ट स्वयंभू नसून कारणांच्या आधाराने उद्भवते हा विचार, आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. त्याचे इतके लहान आणि इतके डोळ्यांनी दिसणारे उदाहरण क्वचितच सापडेल. पुंजका सरकला म्हणून बिंदू पडला. बिंदू होता म्हणून त्याच्या दोहों बाजूंनी भिंती उठल्या. भिंती मिळाल्या म्हणून नळी झाली. यात कोणा निर्मात्याच्या हाताची आवश्यकता पडत नाही. आवश्यकता पडते ती कारणांची साखळी धीराने तपासणाऱ्या डोळ्यांची.

रेषा एक, रूपे अनेक

सर्व माशांत ही रेषा सारखी नसते. चिलापीची रेषा मध्येच तुटते. पुढचा तुकडा वर, मागचा तुकडा खाली. सुरमईची रेषा दुसऱ्या पाठीवरच्या पराच्या शेवटाखाली एकाएकी खाली वळते. घोळ आणि ढोमा यांच्या कुळात ती शेपटीच्या मुळाशी न थांबता थेट पराच्या टोकापर्यंत जाते. काटबांगड्याच्या मागील भागात रेषेवरचे खवले जाड, टणक ढालींसारखे होतात. साफ करणाऱ्याच्या हाताला ते चांगलेच जाणवतात. तारलीच्या धडावर ही रेषा नसतेच. तिच्या नलिकांचे जाळे डोक्यावर पसरलेले असते. शिंगाळ्याला तर खवलेच नसतात. तरीही रेषा असते, कारण त्याच्या कातडीत नलिकेभोवती हाडाच्या सुट्या नळकांड्या तयार होतात. खवला नसला तरी संवेदनेसाठी निवारा उभा राहतो, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

एका चुकीच्या नावाची दोनशे वर्षे

आता इतिहासाकडे वळू. १६६४ साली निल्स स्टेन्सन या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने माशांच्या कातडीवरील छिद्रांचे वर्णन केले. मासा हाताला बुळबुळीत लागतो, हे सर्वांनाच ठाऊक होते. तेव्हा ही छिद्रे म्हणजे बुळबुळीत द्रव बाहेर सोडणाऱ्या नळ्यांची तोंडे, असा निष्कर्ष सहज निघाला आणि या नलिकांना श्लेष्मनलिका, म्हणजे चिकट स्राव वाहणाऱ्या नळ्या, असे नाव रूढ झाले. नाव पटण्यासारखे होते. म्हणूनच ते तपासण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही.

१८५० साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रांत्स लायडिग यांनी अस्थिमत्स्यांच्या या नलिका सूक्ष्मदर्शकाखाली उघडून पाहिल्या. आत चेतातंतूंनी जोडलेली संवेदनाची इंद्रिये होती. सुमारे १८६ वर्षांची समजूत तेथेच ढासळली. परंतु गंमत अशी की, ज्या लेखात त्यांनी हे सांगितले, त्याच्या शीर्षकातही त्या नलिकांना श्लेष्मनलिकाच म्हटले होते. सत्य हाती आले तरी नाव जुनेच राहिले. पुढे लायडिग यांनी हे पाच इंद्रियांपलीकडचे सहावे इंद्रिय असावे, असे सुचवले. आपल्या षडायतनांतील सहावे ते मन. हे सहावे इंद्रिय त्याहून वेगळे, पाण्याच्या हालचालीचे.

मात्र इंद्रिय आहे एवढे कळले तरी त्याचे काम काय, हा प्रश्न उरलाच. ऐकण्याचे? तोल सांभाळण्याचे? दाब मोजण्याचे? १८६० च्या दशकापासून फ्रांत्स आयलहार्ड शुल्झ यांनी केसांचे झुपके आणि त्यांवरील घुमटी पाहून, हे पाण्याचा प्रवाह जाणण्यासाठी असावे, असे मांडले. १९०८ साली ब्रूनो होफर यांनी पाइक या युरोपीय माशावरील प्रयोगांतून दाखवले की, हा मासा अगदी क्षीण प्रवाहालाही प्रतिसाद देतो आणि पार्श्वरेषा निकामी झाली की तो प्रतिसाद नाहीसा होतो. १९३४ साली डच शास्त्रज्ञ स्वेन डाइकग्राफ यांनी या जाणिवेला दूरस्पर्श म्हणावे असे सुचवले. न शिवता शिवण्याची जाणीव, असा त्याचा अर्थ. नाव बदलले आणि अभ्यासाची दिशाही स्थिर झाली.

१९७६ साली स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे झालेला प्रयोग या साखळीतील सर्वांत बोलका आहे. थव्याने पोहणाऱ्या सेथ जातीच्या माशांच्या डोळ्यांवर अपारदर्शक झाकणे बसवली, तरी ते डोळस माशांच्या थव्यात सामील होऊन पोहू शकले. परंतु डोळे झाकलेल्या माशांची पार्श्वरेषाही छेदली, तेव्हा त्यांना थवा धरता आला नाही. शेजाऱ्याच्या हालचालीने हललेले पाणी अंगावरच्या रेषेला जाणवते आणि त्या जाणिवेवर आंधळा मासाही समूहाबरोबर राहतो, हे यातून सिद्ध झाले. या प्रयोगांत जिवांना इजा झाली, हे करुणेच्या दृष्टीने आपण विसरू नये. ज्ञान मिळवताना कमीत कमी इजा व्हावी, यासाठी आज प्रयोगशाळांना नियम घालून दिलेले आहेत आणि ते योग्यच आहे.

या संशोधनाचा धागा माणसापर्यंत येतो. आपल्या आंतरकर्णातही अशाच केशपेशी आहेत. त्यांच्यामुळे आपण ऐकतो आणि तोल सांभाळतो. मोठा गोंगाट, वाढते वय, तसेच क्षयरोगावर दिल्या गेलेल्या स्ट्रेप्टोमायसिनसारखी काही औषधे यांमुळे त्या मरू शकतात आणि माणसाच्या श्रवणातील मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवत नाहीत. झेब्रामाशाच्या पार्श्वरेषेत मात्र त्या दोन-तीन दिवसांत नव्याने तयार होतात. त्या कशा तयार होतात, हा आज बहिरेपणावरील संशोधनातील महत्त्वाचा विषय आहे. स्राव गाळणारी नळी म्हणून जिची बोळवण झाली होती, तिच्याकडे आता श्रवणाच्या आशेने पाहिले जात आहे.

मोजणी, दख्खनचे मासे आणि नावांचा प्रश्न

रेषेवरच्या खवल्यांची संख्या माशाच्या आयुष्यात बदलत नाही, म्हणून जात ओळखण्यासाठी ती मोजण्याची पद्धत पडली. फ्रान्सिस डे यांच्या १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेल्या भारतीय माशांवरील ग्रंथात ही संख्या जातीजातीला नोंदवलेली आढळते. आपल्या नद्यांतील महसीर, म्हणजे खुदरी, याच्या रेषेवर सुमारे २५ ते २७ खवले असतात. रोहूच्या रेषेवर साधारण ४० ते ४४. दोन्ही मासे समोर असले तर केवळ मोजणीवरून ते वेगळे सांगता येतात. परंतु रोहू, कटला आणि मृगळ यांची संख्या जवळपास सारखीच येते. तेथे तोंडाचा आकार, ओठ, पराचे काटे असा दुसरा पुरावा जोडावा लागतो. एकाच पुराव्यावर निकाल देऊ नये, हा इतिहासाचा नियम येथेही लागू पडतो.

खुदरीचे शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ साली केले. तो नमुना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठा नदीत सापडलेला होता. साइक्स यांनी दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावे देताना अनेक ठिकाणी येथील मराठी नावेच घेतली. खुदरी, कोळस, रोहटी यांसारखी नावे त्यामुळे लॅटिन वेशात जगभरच्या ग्रंथांत गेली. ही नावे कोणी घडवली? नदीत जाळी टाकणाऱ्या, घाटावर मासे ओळखणाऱ्या आणि हाताने खवले काढणाऱ्या माणसांनी. शास्त्रीय नावापुढे वर्णन करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव नियमाप्रमाणे लागते. ज्यांच्या बोलीतून ते नाव आले, त्यांच्यासाठी त्या नियमात जागा नाही. साइक्स यांचे श्रम नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या हातांना येथील समाजव्यवस्थेने हीन मानले, त्या हातांचे ज्ञान विज्ञानाच्या पायाशी आहे, एवढे आपण आपल्या मुलांना निश्चित सांगितले पाहिजे.

आणि श्लेष्मनलिकेच्या कथेतून मला मुख्यतः हेच सांगावयाचे आहे. कोणाला तरी खालच्या कामाचे नाव चिकटते. ते नाव दिसण्याशी जुळते म्हणून खरे वाटते. पुढे ते नावच पाहण्याच्या आड येते. आतील संवेदना, क्षमता, बुद्धी कोणी तपासतच नाही. बाबासाहेबांनी या देशात जे केले, त्यातील एक मोठे काम असे की, अशा नावांना त्यांनी पुरावा मागितला. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेशही हाच होता : परंपरा सांगते, ग्रंथ सांगतो किंवा गुरू सांगतो एवढ्याने मानू नका, स्वतः पारखून घ्या. माशाच्या खवल्यावर ही पारख व्हायला दोनशे वर्षे लागली. माणसांच्या बाबतीत ती अजूनही पुरी झालेली नाही, हे आपणांस वेगळे सांगण्याची गरज नाही.

एक खवला वर्गात

या लेखाचा उपयोग व्हावा, म्हणून माजी विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांच्यासाठी एक साधा प्रयोग सुचवतो. त्यासाठी कोणताही जीव मारावा लागत नाही. मासळी बाजारात कापणाऱ्यांच्या टोपलीत खवले हवे तितके मिळतात. रोहू किंवा कटल्याचे मूठभर खवले आणून कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवावेत आणि जुन्या दातांच्या ब्रशने हलके घासून त्यांवरचा चिकट थर काढावा. ओले असतानाच ते दोन काचांमध्ये दाबून वाळवावेत, म्हणजे वळत नाहीत. मग दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगातून उजेडाकडे धरून पाहावे. बहुतेक खवल्यांवर केवळ वर्तुळे दिसतील. ज्याच्या मध्यातून नळी गेलेली दिसेल, तो पार्श्वरेषेचा. तिच्या एका तोंडातून बारीक केस घालून पाहावा. तो दुसऱ्या तोंडातून निघाला की नळी आरपार असल्याची खात्री पटते. वयाची वलये मोजायची असतील, तर मात्र नळीचा खवला घेऊ नये, कारण नळीमुळे वलयांची आखणी बिघडते; त्यासाठी शेजारच्या ओळीतील खवला घ्यावा आणि मध्य कोरा असलेला खवला बाजूला ठेवावा. अखंड मासा मिळाला तर कल्ल्यामागील पहिल्या नळीपासून शेपटीच्या मुळापर्यंतचे खवले मोजावेत, दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे मोजावेत आणि संख्या न जुळल्यास पुन्हा मोजावेत.

महागड्या उपकरणांवाचून विज्ञान शिकवता येत नाही, अशी तक्रार ग्रामीण आणि निवासी शाळांतून वारंवार ऐकू येते. काही अंशी ती खरीही आहे. प्रयोगशाळा हव्यात आणि त्या मागितल्याच पाहिजेत. परंतु एक भिंग, दोन काचा आणि फेकून दिलेला एक खवला एवढ्यावरही मुलाला पुरावा म्हणजे काय हे शिकता येते. ‘एहि पस्सिक’, ये आणि पाहा, हे धम्माचे लक्षण सांगितले आहे. ज्या मुलाने एकदा स्वतःच्या हाताने नळीतून केस आरपार काढला, त्याला पुढे कोणी कशाचेही नाव सांगितले, तर ते मान्य करण्यापूर्वी आत काय आहे ते पाहण्याची सवय लागेल. विद्यालयाने मुलांना द्यावयाच्या शिदोरीत याहून टिकाऊ वस्तू मला तरी दिसत नाही.